सह्याद्रीतील आदिवासींचे वनस्पतिज्ञान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरील प्रश्न प्रामुख्याने विद्यार्थ्यांकडून, गिर्यारोहकांकडून आणि पावसाळ्यात रानभाज्या विकत घेणाऱ्या शहरी ग्राहकांकडून येतात. उत्तरे मुख्यतः उत्तर सह्याद्रीपुरती, म्हणजे अकोले, जुन्नर, आंबेगाव, शहापूर, जव्हार, कर्जत या पट्ट्यातील महादेव कोळी, ठाकर, कातकरी, वारली आणि त्यांच्या शेजारच्या समाजांविषयी आहेत. जेथे तुलना आवश्यक वाटली तेथे केरळ आणि गडचिरोली येथील उदाहरणे घेतली आहेत.

लोकवनस्पतिशास्त्र म्हणजे काय? ते आयुर्वेदाहून वेगळे कसे?

एखादा समाज आपल्या भोवतालच्या वनस्पतींना कसे ओळखतो, त्यांना कोणती नावे देतो, त्या कशा वापरतो आणि कशा राखतो, याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे लोकवनस्पतिशास्त्र. या विद्याशाखेला इंग्रजी नाव अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन हर्शबर्गर यांनी १८९५ साली दिले. भारतात जानकी अम्माल यांनी या विषयाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि सुधांशुकुमार जैन यांनी बस्तरमधील कामापासून त्याची पद्धत घालून दिली. मात्र नाव मिळण्यापूर्वीही हे काम होत होते. सतराव्या शतकात कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ करून घेतला. त्याचा पहिला खंड १६७८ साली निघाला. त्यासाठी माहिती देणारे इट्टी अच्युतन हे मलबारचे वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तिघे कोकणी वैद्य यांची नावे व साक्षीपत्रे त्याच ग्रंथात छापली आहेत. तिघा कोकणी वैद्यांचे साक्षीपत्र तर नागरी लिपीत आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी माहिती देणाऱ्याचे नाव छापले जात होते, ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण त्यानंतरच्या अनेक अहवालांत 'स्थानिक आदिवासींच्या मते' एवढ्यावरच काम भागवलेले दिसते.

आयुर्वेदाला ग्रंथ आहेत, परिभाषा आहे आणि अभ्यासक्रम आहे. आदिवासींचे ज्ञान मौखिक आहे आणि ते एका विशिष्ट डोंगराशी, तेथील पावसाशी आणि मातीशी बांधलेले आहे. दोहोंमध्ये देवाणघेवाण पूर्वीपासून होत आली आहे. कुड्याची साल अतिसारावर दोन्हीकडे वापरली जाते. परंतु कुड्याच्या फुलांची आणि शेंगांची भाजी कधी करावी, हे कळण्यासाठी ग्रंथापेक्षा डोंगरावरच्या घरातील चुलीजवळ बसलेले बरे.

हे ज्ञान नेमके कोणाकडे असते? केवळ वैदूकडे?

नाही. बाहेरून येणारा माणूस गावात शिरताच 'येथे वैदू कोण?' असे विचारतो आणि त्यामुळे निम्म्याहून अधिक ज्ञान त्याच्या नजरेआड राहते. औषधी मुळ्यांची माहिती वैदूकडे किंवा भगताकडे असते, हे खरे. भगत औषधाबरोबर देवदेवस्कीही पाहतो, त्यामुळे त्याच्या उपचारात मंत्र आणि मुळी यांची सरमिसळ असते. बाळंतपण आणि लहान मुलांचे विकार यांतील झाडपाला सुईणीला ठाऊक असतो. गुरांच्या औषधांत गुराखी वैदूपेक्षा जाणकार असू शकतो, कारण आजारी गाय कोणता पाला हुंगते आणि कोणता टाळते हे त्याने दिवसचे दिवस पाहिलेले असते. रानभाज्या, कंद आणि बियाणे हा प्रांत जवळजवळ पूर्णपणे स्त्रियांचा आहे. कोणते लाकूड नांगराला, कोणते घराच्या आढ्याला आणि कोणत्या कारवीच्या काठ्या कुडाच्या भिंतीला, हे सुताराइतकेच घर बांधणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असते.

काही औषधे वैदू सांगत नाहीत, कारण सांगितल्यास औषधाचा गुण जातो अशी श्रद्धा आहे. हा त्यांचा हक्क समजावा आणि आग्रह धरू नये.

रानभाज्या म्हणजे आपोआप उगवलेला पाला. त्यात 'ज्ञान' ते कोणते?

या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावे लागेल, कारण सर्वाधिक गैरसमज येथेच आहे.

शेवळ्याचे उदाहरण घ्या. पहिल्या पावसाच्या आगेमागे जमिनीतून वर येणारा हा सुरणाच्या कुळातील कोंब आहे. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते तोंडाला व घशाला बोचतात. शेवळा नुसता शिजवून खाल्ला तर जीभ आणि घसा खाजून हैराण व्हायला होते. म्हणून त्याबरोबर काकडाची आंबट फळे घालतात, आणि ती न मिळाल्यास चिंच किंवा कोकम वापरतात. बाजारात शेवळ्याच्या जुडीशेजारी काकडाच्या फळांचा वाटा मांडलेला असतो तो यासाठीच. दोन वेगळ्या झाडांचा हंगाम एकाच वेळी येतो आणि एक दुसऱ्याचा उतारा ठरतो, हे कोणीतरी प्रथम पाहिले, पारखले आणि पुढच्या पिढीला सांगितले. त्याला ज्ञान म्हणू नये तर काय म्हणावे?

कडूकंदाची प्रक्रिया याहून लांबलचक आहे. हा कंद कच्चा असताना अतिशय कडू असतो आणि त्यातील काही घटक शरीराला अपायकारक असतात. त्याच्या पातळ चकत्या करतात, चुलीतील राख घालून त्या उकडतात आणि मग टोपलीत भरून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवतात. कडवटपणा गेला की नाही ते चाखून ठरवतात, आणि गरज पडल्यास पुन्हा धुतात. धान्य संपत आलेल्या दिवसांत या कंदाने अनेक घरांना तारले आहे. पुस्तकात 'कडूकंद : खाद्य' एवढी एक ओळ छापली, आणि वाचणाऱ्याने राख व वाहते पाणी गाळले, तर ती ओळ घातक ठरते. वनस्पतींच्या याद्यांवर माझा विश्वास बसत नाही तो याच कारणाने. झाडाचे नाव आणि उपयोग हा या ज्ञानाचा लहानसा भाग आहे. कोणत्या वेळी, कोणता भाग, किती, कशाबरोबर आणि कोणी खाऊ नये, हा मोठा भाग याद्यांत येतच नाही.

काही भाज्यांना हंगामाची मर्यादा आहे. टाकळा कोवळा असतानाच खातात. भारंगीची पाने उकडून, कडू पाणी पिळून टाकून करतात. चाईच्या वेलाचा मोहोर खुडतात, पण त्याचा कंद वेगळ्या वेळी खणतात. कर्टुलीचे नर आणि मादी वेल निरनिराळे असतात. ज्या वेलाला फुले येऊनही फळ धरत नाही त्याला लोक 'वांझ' म्हणतात, पण तो तोडून टाकत नाहीत.

काही भाज्यांना रीतीची मर्यादा आहे. पालघर जिल्ह्यातील वारली वस्त्यांत पहिल्या पावसानंतर उगवणारी कोळीची भाजी आधी देवाला दाखवतात आणि मगच खायला सुरुवात करतात. त्यापूर्वी कोणी ती खुडत नाही, त्यामुळे रोपाला जीव धरायला अवधी मिळतो. ही भाजी ज्या कुळातील आहे त्यातलीच सफेद मुसळी. तिचे शास्त्रीय नाव 'क्लोरोफायटम बोरिविलिएनम' असे आहे, आणि ते मुंबईच्या बोरिवलीवरून पडले आहे. जेथे आज इमारती उभ्या आहेत त्या परिसराचे नाव एका औषधी वनस्पतीने जपून ठेवले आहे.

एकाच नावाच्या दोन वनस्पती असतात का?

असतात, आणि त्यातून गंभीर चुका होतात. ब्राह्मी या नावाने दोन पूर्णपणे वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. कुडा पांढरा आणि काळा असा दोन प्रकारचा असून अतिसारावर वापरतात तो पांढरा. उलटपक्षी एकाच वनस्पतीला दर दहा कोसांवर वेगळे नाव मिळते. म्हणून फुलाफळांसह वाळवलेला नमुना आणि स्थानिक नाव यांची जोडी नेहमी एकत्र असावी. असे नमुने पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात, आघारकर संशोधन संस्थेत किंवा मुंबईच्या झेवियर महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहालयात ताडून पाहता येतात.

स्थानिक नाव केवळ ओळखीपुरते नसते. कळलावी या नावातच तिचा जुना उपयोग सांगितला आहे : प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी तिचा कंद वापरत. नरक्याच्या नावात त्या झाडाची दुर्गंधी आहे.

या औषधांचा उपयोग घरी करून पाहावा का?

करू नये, असे स्पष्ट उत्तर आहे. आदिवासींच्या ज्ञानाविषयी आदर असणे आणि त्यातील प्रत्येक उपचार सुरक्षित मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वर उल्लेख केलेल्या कळलावीच्या कंदात कोल्चिसिन हे जहाल द्रव्य असते आणि थोड्याशा चुकीने जीव जाऊ शकतो. गुंजेची बी सुंदर दिसते, परंतु ती फोडून किंवा चावून पोटात गेल्यास तिच्यातील विष मारक ठरते. बिब्ब्याचे तेल त्वचेवर फोड आणते, आणि ते हाताळण्याची रीत ठाऊक असलेली व्यक्तीच ते वापरते. ईश्वरीचे उदाहरण तर फार बोलके आहे. ही वेल सर्पदंशावर परंपरेने वापरली जात आली, पण तिच्या कुळातील वनस्पतींत असणारे ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंड निकामी करते आणि मूत्रमार्गाच्या कर्करोगास कारण ठरते, हे आता निर्विवाद सिद्ध झाले आहे. असा अपाय अनेक वर्षांनी प्रकट होतो, त्यामुळे तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातूनही निसटू शकतो. परंपरेची ही मर्यादा मान्य केल्याने तिचा अपमान होत नाही.

सर्पदंश आणि विंचूदंश झाल्यास झाडपाल्यात वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. सर्पदंशावर प्रतिसर्पविष हाच उपाय आहे. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी मुलेबाळे मोठ्या संख्येने दगावत असत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यावर हे चित्र पालटले. अनेक ठिकाणचे जाणते वैदू आज स्वतःच अशा रुग्णाला पुढे पाठवतात. आपल्या विद्येची सीमा ओळखणे हाही त्या विद्येचाच भाग आहे.

हिरडा आणि मोह यांचे महत्त्व औषधापुरतेच आहे का?

ही झाडे म्हणजे डोंगरातील घराचा रोख पैसा आहे. आंबेगाव, जुन्नर आणि अकोले तालुक्यांत महादेव कोळी कुटुंबे उन्हाळ्यात हिरड्याची कोवळी फळे काढून वाळवतात. त्याला बाळहिरडा म्हणतात. ज्या महिन्यांत शेतात काम नसते आणि पेरणीचा खर्च समोर उभा असतो, नेमक्या त्याच वेळी हा पैसा हाती येतो. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळाने या भागातील हिरड्याचे मोठे नुकसान केले, तेव्हा पिकाच्या नुकसानीइतकीच झाडावरच्या हिरड्याची भरपाई मागावी लागली.

मोहाची फुले पहाटे गळतात आणि ऊन चढण्यापूर्वी वेचावी लागतात. ती वाळवून वर्षभर खातात. दारू हा तिचा एक उपयोग आहे, पण शहरात तेवढाच माहीत असतो. बियांपासून खाण्याचे तेल काढतात. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची सवय मात्र चुकीची आहे. त्यातून वणवे लागतात आणि नवी रोपे जळतात. झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या अंथरल्या तर फूलही स्वच्छ मिळते.

नरक्याच्या झाडाचे काय झाले?

नरक्या हे सह्याद्रीतील सदाहरित जंगलात वाढणारे लहान झाड आहे. १९६६ साली मन्सुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी अमेरिकेत एका चिनी झाडापासून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य वेगळे केले. काही वर्षांतच ते नरक्यातही आढळले. टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही आजची औषधे याच द्रव्यापासून तयार केलेली आहेत. लाकडात हे द्रव्य अत्यल्प असते, म्हणून मागणी वाढताच अखंड झाडे मुळासकट तोडली जाऊ लागली. ज्यांच्या हातून तोड झाली त्या गावकऱ्यांना रोजंदारी मिळाली, आणि डोंगर मात्र रिकामे झाले.

हे द्रव्य आदिवासींच्या उपचारातून सापडलेले नाही, हे येथे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. तरीही हे उदाहरण या पानावर आहे, कारण झाड कितीदा तोडले तर पुन्हा फुटते, कोणत्या उतारावर बी पडू द्यावे आणि कोणते झाड राखावे, या ज्ञानाला व्यापाराने विचारलेच नाही.

देवराया खरोखर वनस्पती वाचवतात का?

देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. पुष्कळ ठिकाणी अशा राया वनस्पती वाचवतात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केला आणि आजूबाजूला नष्ट झालेल्या अनेक जाती तेथे टिकून असल्याचे दाखवले. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावच्या देवराईत गारंबीची महावेल होती. तिचा उपयोग गुरांच्या औषधासाठी होत असे आणि त्यासाठी लांबून लोक येत. देवराई ही अशा रीतीने पंचक्रोशीची औषधपेढीही असते. अलीकडे देवळाचा जीर्णोद्धार करताना काँक्रीटचा सभामंडप, फरशी आणि वाहनतळ यांसाठी झाडे काढली जातात, तेव्हा देव मोठा होतो आणि राई लहान होते. याचे मला फार वाईट वाटते.

हे ज्ञान कोणाच्या मालकीचे? कायदा काय सांगतो?

हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. लढाई जिंकता आली, कारण हळदीचा उपयोग लिखित स्वरूपात दाखवता आला. मौखिक ज्ञानाला ही सोय नाही, आणि खरी अडचण तेथेच आहे.

केरळच्या अगस्त्य पर्वतातील कानी आदिवासींचे उदाहरण वेगळ्या दिशेचे आहे. १९८७ साली तिरुअनंतपुरमच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यानातील संशोधकांनी आपले कानी वाटाडे एक रानफळ खाऊन न थकता चालत असल्याचे पाहिले. ती आरोग्यपच्चा वनस्पती. तिच्यापासून 'जीवनी' हे औषध तयार झाले, उत्पादनाचा परवाना दहा लाख रुपये आणि विक्रीवर दोन टक्के स्वामित्वशुल्क या अटींवर दिला गेला, आणि मिळकतीचा निम्मा वाटा कानींसाठी ठेवला गेला. त्यासाठी १९९७ साली त्यांचा विश्वस्त निधी नोंदवण्यात आला. पुढे पाने गोळा करण्यास वनखात्याची हरकत आली आणि सर्व कानी वस्त्या या व्यवहारात सहभागी नव्हत्या, अशीही टीका झाली. लाभवाटप कागदावर सोपे असते. समाजाच्या वतीने 'हो' कोणी म्हणायचे, हा प्रश्न अवघड असतो.

२००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना आणि नोंदणीकृत आयुष वैद्यांना लाभवाटपातून सवलत दिली. माझ्या मते ही सवलत आदिवासींच्या दृष्टीने तोट्याची आहे. वनस्पती जंगलातून त्यांनीच आणायची, परंतु तिचा गुण जुन्या ग्रंथात सापडला की त्यांचा वाटा संपला, असा तिचा अर्थ होऊ शकतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम याहून भक्कम आहे. जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक बौद्धिक संपदा हक्क त्यात मान्य केला आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. जंगलावर हक्क असेल तर त्याविषयीचे ज्ञान वापरात राहते. उलट उदाहरण कातकरींचे आहे. खैराच्या लाकडापासून कात करणारे ते कातकरी, असे त्यांच्या नावातच आहे. खैराचे जंगल हातातून गेल्यावर तो व्यवसाय गेला, आणि आज यांतील असंख्य कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. सहा महिने जंगलापासून दूर वाढलेल्या मुलाला कंद कोठे खणायचा हे कोण दाखवणार?

मला नोंदी घ्यायच्या आहेत. सुरुवात कशी करावी?

प्रथम ग्रामसभेला आणि ज्यांच्याशी बोलायचे त्यांना, आपण कोण, माहिती कशासाठी हवी आणि ती कोठे छापली जाईल, हे त्यांच्या बोलीत सांगावे. 'नाही' हे उत्तर स्वीकारण्याची तयारी असावी. एका फेरीत काम होत नाही; किमान चार ऋतू पाहावेत. प्रश्नावली घेऊन ओसरीवर बसण्यापेक्षा भाजी खुडायला, सरपणाला किंवा गुरांमागे बरोबर जावे, कारण झाड समोर आले की आठवण जागी होते. दिवसभराची मजुरी बुडत असेल तर तिचा मोबदला द्यावा. औषधाचे प्रमाण आणि दुर्मीळ वनस्पतीचे नेमके ठिकाण समाजाची इच्छा नसल्यास प्रसिद्ध करू नये. माहिती देणाऱ्याची संमती असल्यास त्याचे नाव सहलेखक म्हणून घालावे. तयार नोंदीची मराठी प्रत गावाच्या शाळेत आणि ग्रामपंचायतीत पोहोचवल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नये.

शहरातील ग्राहकाने रानभाज्या विकत घ्याव्यात का?

अवश्य घ्याव्यात, शक्यतो वेचून आणणाऱ्या बाईकडूनच, आणि भाव पाडून मागू नये. ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास अनेक जिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरतात, तेथे कृतीही विचारता येते. पाने, कोंब, फुले आणि फळे निःशंक घ्यावीत. मुळे, कंद आणि साली यांच्याबाबत मात्र चौकशी करावी, कारण त्यांत बहुधा अख्खे झाड जाते. छायाचित्र पाहून स्वतः खुडण्याचा प्रयोग करू नये.

हे ज्ञान लोप पावत आहे का?

काही भाग निश्चितच जात आहे, पण 'शेवटचा वैदू' अशी भाषा मला पटत नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाल, घेवडे, भात आणि भाज्या यांचे बियाणे घरी जपायला सुरुवात केली, त्याची बियाणे बँक झाली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांच्या बियाण्याच्या मडक्यांत राख असते, आणि बियाणे त्या दुसऱ्या शेतकऱ्याला पेरायला देतात. घेणाऱ्याने पुढच्या हंगामात ते वाढवून परत आणून द्यायचे असते.